दोन बीचे तीन बी आणि एक पाया

सन दोन हजार चोवीस. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि त्या वयातही कामावर होतो. विजेच्या मोठ्या तारा ज्या लोखंडी टॉवरवरून शेताशेतातून जातात, ते टॉवर उभे करणाऱ्या गँगचा मी मुकादम. शाळा चौथीपर्यंत. पाचवीच्या मास्तराचं मी तोंडही पाहिलं नाही. पण चाळीस वर्षांत माझ्या गँगनं उभा केलेला एकही टॉवर पडला नाही, हे मी कोणालाही सांगतो. कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

कंपनी अकोल्याची. मोठे मालक वारले तेव्हापासून त्यांचा मुलगा कारभार पाहतो. त्याला सगळे दादा म्हणतात. मी त्याचं बारसं जेवलेला माणूस, पण मीही दादाच म्हणतो. तो मला काका म्हणतो. रागात असला तरी काकाच म्हणतो, एवढं त्याच्या बापानं शिकवून ठेवलं आहे.

संक्रांत झाली आणि दादानं मला ऑफिसात बोलावलं.

"काका, मुंबईहून एक मॅडम येऊन राह्यल्या. रेटिंगवाल्या."

"कायचं रेटिंग?"

"कंपनीचं. आपण सध्या डबल बी आहो. ट्रिपल बी झालो तर बँक मोठी गॅरंटी देते. गॅरंटी असली तरच ती मोठी लाइन आपल्याले भेटते."

"दोन बीचे तीन बी होणं म्हंजे वर जाणं का खाली?"

"वर."

"आमच्या शाळेत ब तुकडीत ढ पोट्टे बसवत. दोनदा ब म्हंजे दोनदा ढ. तीनदा झालं तर मास्तर बापाले बोलावत."

दादा हसला नाही. हातातला पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, मोठी लाइन नाई भेटली तर मार्चनंतर आपल्याजवळ काम नाई. गँग सोडा लागते. तुमची बी."

माझी गँग सोळा माणसांची. त्यातली नऊ माणसं वीस वर्षांपासूनची. खालून दोरी ओढणारा आणि वर लोखंड जोडणारा, दोघं एकमेकांना आवाजावरून ओळखतात. वरच्यानं नुसतं "हं" केलं की खालच्याला कळतं, थांबायचं का सोडायचं. अशी गँग एकदा फुटली की परत जमत नाही. हे दादाला सांगायची गरज नव्हती.

"म्हणून म्हणतो, मॅडमले चांगलं चांगलं दाखवा," दादा म्हणाला.

"तपासणी कशी द्यायची ते मले नको शिकवू," मी म्हणालो, आणि उठलो.

तपासणीची माझी एक रीत होती. सरकारी इंजिनिअर लाइन तपासायला आला की मी त्याला आधी सगळ्यात कमजोर टॉवर दाखवायचो. आपणच बोट ठेवायचं. अठी चुकलं होतं, अठी दुरुस्त केलं, पाहून घ्या. तो टॉवर पास झाला की साहेबाचा जीव थंड होतो आणि बाकीच्या टॉवरकडे तो जीपमधूनच पाहतो. लपवलेलं त्याला सापडलं तर मात्र प्रत्येक टॉवरवर माणूस चढवतो. मोठ्या मालकांनाही ही रीत माहीत होती. माझ्या डोक्यात बसलं की ही मॅडमही तपासणीलाच येत आहे. कंपनी तपासणं आणि लाइन तपासणं वेगळं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

आता तो कमजोर टॉवर कोणता, ते सांगतो.

दर्यापूरच्या बाजूला खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, विहिरीचं पाणी खारं. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. वैशाखात तिथल्या भेगांत माणसाचा हात खांद्यापर्यंत जातो. अशा जमिनीत टॉवरचा पाया घालायचा तर भेगा जिथं संपतात त्याच्याही हातभर खाली जायचं, हा माझाच नियम. तीस वर्षं मी तो दुसऱ्यांना शिकवला.

दोन वर्षांपूर्वी त्या भागात आमची लाइन चालू होती. एका मुसलमान शेतकऱ्याच्या शेतात एक टॉवर आला. माणूस माझ्याहून चार वर्षांनी मोठा. सगळं गाव त्याला चाचा म्हणतं म्हणून मीही म्हणायला लागलो. चार पायांचे चार खड्डे खणले. तीन ठीक होते. चौथा नाल्याच्या अंगाला होता. नकाशात होती तेवढी खोली झाली तेव्हा मी खणणं थांबवलं. चाचा काठावर उकिडवा बसून पाहत होता.

तो म्हणाला, "मुकादम, भेगा अजून खाली हायेत. हात घालून पाहा."

मी खड्ड्यात उतरून पाहिलं नाही. सिमेंट कालवायला घेतलं होतं, माणसं उन्हात उभी होती. आणि शेतकरी मला पाया शिकवतो, हे मला लागलं. मी म्हणालो, "चाचा, शेतीचं तुमाले समजते. टॉवरचं मले समजते."

तो उठून गेला. पाया घातला. पंधरा दिवसांनी अवकाळी पाऊस आला. पाणी भेगांतून पायाच्या बुडाशी गेलं, माती फुगली आणि तिनं तो पाय दोन बोटं वर उचलला. दोन बोटं म्हणजे बाहेरच्या माणसाला काहीच दिसत नाही. आम्ही टॉवर उभा करायला घेतला. खालचा टप्पा जमला. दुसऱ्या टप्प्यात लोखंडाची भोकं एकमेकांवर येईनात. वरचा माणूस ओरडला, "मुकादम, हातोडा मारू का?"

माझ्या गँगमध्ये बोल्ट बोटानं गेला पाहिजे. पाना फक्त आवळायला. बोल्टला हातोडा लागला तर वर काही चुकलेलं नसतं, पाया खोटा असतो. मी म्हणालो, "उतर खाली." अर्धा झालेला टॉवर आम्ही परत खोलला. पाया फोडला. तेवढ्यात पावसाळा लागला आणि त्या मातीत दिवाळीपर्यंत बैलगाडीही जात नाही. दिवाळीनंतर दुसरा पाया घातला, ह्या वेळी भेगा संपल्यावर आणखी हातभर खाली. सिमेंटला खारं पाणी चालत नाही. चाचाच्या शेततळ्यात पावसाचं गोड पाणी होतं, ते त्यानं महिनाभर मारू दिलं. त्यानं मागचं बोलून दाखवलं नाही. मीही काढलं नाही. त्या एका पायापायी सगळी लाइन सहा महिने बंद पडून राहिली.

मॅडम आल्या त्या दिवशी दादा, मॅडम आणि मी जीपनं निघालो. मॅडम तिशीच्या असतील. सपाट चपला घालून आल्या होत्या, म्हणजे शेतात चालायची तयारी करूनच. दादाला त्यांना मूर्तिजापूरच्या रस्त्यालगतचे चार सुंदर टॉवर दाखवायचे होते. मी ड्रायव्हरला म्हणालो, "दर्यापूर घे." दादाला वाटलं मी जवळची वाट सांगतो आहे.

शेतात गेलो. हरभरा घाट्यावर होता. मी टॉवरच्या चौथ्या पायावर हात ठेवला आणि म्हणालो, "हा पाहा मॅडम. सगळ्या लायनीत कमजोर हाच होता."

मॅडमनी हातातले कागद चाळले. "सहा महिने उशीर झाला तो याच ठिकाणी ना? इथं शेतकऱ्याशी जागेचा वाद झाला होता."

"कोणाचा वाद?"

"फाइलमध्ये तसं आहे. शेतमालकानं काम अडवलं."

मी दादाकडे पाहिलं. दादा टॉवरच्या शेंड्याकडे पाहत होता.

"वाद-गीद काई नोता," मी म्हणालो. "त्या माणसानं तर आमाले पाणी देल्लं. पाया चुकला होता. माझ्या हातचा पाया. मीनंच फोडला, मीनंच परत घातला. त्याच्यात सहा महिने गेले."

"तुम्हाला चुकलं हे कसं कळलं?"

"बोल्ट बोटानं गेला नाई."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "हे काम करण्याची पद्धत कुठं लिहिलेली आहे? म्हणजे उद्या तुम्ही नसाल तर?"

"मी नसलो तर काहून? मी आहो ना."

त्यांनी तेही लिहून घेतलं. टॉवरकडे त्यांनी धड मान वर करूनही पाहिलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की ही तपासणी आपल्या ओळखीची नाही.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. चाचानं आधीच सांगितलं होतं, ती. चूक झाली हे सांगायला मला जड जात नाही. पण कोणी सांगितलं असून ऐकलं नाही, हे सांगायला जीभ उचलली नाही.

मॅडमना बडनेऱ्याला मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. जीपमध्ये दादा आणि मी, अकोल्याच्या ऑफिसकडे.

"काका, तुमाले कोणी इचारलं होतं?"

"तिनं इचारलं."

"तिनं लायनीचं इचारलं. पायाचं नाई."

"लाइन कायवर उभी रायते?"

दादानं जीप रस्त्याच्या कडेला थांबवायला लावली. "काका, चूक सांगून तुमी मोठे झाले. अन् फाइल खोटी झाली. फाइल खोटी तर कंपनी खोटी. आता कायचं ट्रिपल बी? तुमी घरी बसा. मी बोलावीन तवा या."

"त्या माणसाचं नाव फाइलीत कोणी घातलं?"

"नाव नाई घातलं. नुसतं शेतमालक म्हटलं."

"त्या शेताले दोन मालक हायेत का?"

मी तिथंच उतरलो आणि एसटीनं घरी आलो.

घर अमरावतीत, बडनेऱ्याच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं विचारलं, "आज डब्बा कोणाले बांधू?"

"बांध. मी ओसरीत बसून खातो."

"मंग जेवाले गच्चीवर चढा. टॉवरवर बसल्यावाणी वाटन."

पण तिनं डबा बांधला. पाच आठवडे बांधला. मी रोज एक वाजता ओसरीत बसून तो खाल्ला. ताटात वाढून घेतलं असतं तर घरी बसलो हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

गँगमधल्या माणसांचे फोन येत होते. दोरीवरच्या जुन्या माणसानं विचारलं, "मुकादम, नागपूरकून बोलावणं आलं. काय करू?"

"थांब."

"कवरोक?"

"मी सांगीन तवरोक."

"अन् तुमालेच कोणी काई नाई सांगतलं तर?"

मी म्हणालो, "तुले थांब म्हटलं ना," आणि फोन ठेवला. तो थांबला. दोन जण मात्र थांबले नाहीत, गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. होता, पण आता नाही.

होळी झाली. धुळवडीनंतरच्या दिवशी दादाचा फोन आला. "काका, पेढे खाले या."

"झालं?"

"झालं. ट्रिपल बी."

पुढं काही अधिक-उणंही तो म्हणाला, ते मला अजून कळत नाही. मी धुतलेला सदरा घातला आणि अकोल्याला गेलो. मनात असं होतं की माझ्या खरं बोलण्यानंच हे झालं असणार. बसमध्ये शेजारच्या माणसाला मी तसं अर्धं सांगूनही टाकलं.

दादाच्या टेबलावर पेढ्यांचा डबा आणि इंग्रजीत लिहिलेले पाचसहा कागद. मी म्हणालो, "वाच. मराठीत सांग."

त्यानं सांगितलं. आधी जमेच्या बाजू. कंपनी जुनी आहे, हातात काम भरपूर आहे, सरकारी लाइनींचा अनुभव आहे, बँकेचा व्यवहार साफ आहे. मी वाट पाहत होतो. पाया कुठंच आला नाही.

"आता कमजोर बाजू," दादा म्हणाला. "एक. एका लायनीले उशीर झाला, काऊन की एका ठिकाणचा पाया परत घाला लागला."

"हे कमजोरीत?"

"हाव. दोन. कामाचं ज्ञान दोन-चार जुन्या माणसाइच्या डोक्यात हाये, लिहिलेलं कुठीच नाई."

"म्हंजे मी दोनदा कमजोर."

"दोनदा. तीनदा असते तर बापाले बोलावलं असतं."

आता तो हसला. मी हसलो नाही. मग तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, "मॅडमनं सरकारी इंजिनिअरलेबी फोन केला होता. त्यानं पायाचंच सांगतलं. फाइलीतलं तसंच ठेवलं असतं तर आपण मेलो असतो." हे तो डब्याकडे पाहून बोलला, माझ्याकडे पाहून नाही. मालकाच्या मुलाकडून एवढं पुष्कळ.

"मोठी लाइन भेटन?"

"भेटन. गँग तुमचीच. पण एक हाये काका." त्यानं खणातून एक छापील कागद काढला. "आता दर पायाचा कागद लागते. खड्डा किती खोल, माती कशी, भेगा कुठवर, कोणी पाहिलं, काय म्हटलं. सगळं मुकादमानं लिहाचं."

"मी सही करतो त्यातच दोन अक्षरं एकमेकाच्या अंगावर चढतात."

"मंग तुमी सांगा, दुसरा कोणी लिहीन."

"माझ्या डोक्यातलं दुसऱ्याच्या हातानं उतरत नाई."

"मंग लायनीवर कसे येसान?"

मी उठलो. त्यानं डबा पुढं केला. मी दोन पेढे घेतले आणि खाल्ले नाहीत, कागदात बांधले. दारातून म्हणालो, "चाळीस वर्षं न लिहिता एक टॉवर पडला नाई."

"एक फोडा लागला ना," दादा म्हणाला.

बसस्टँडवर मी दोन बस सोडल्या. गँग मिळाली होती आणि तिच्यात मलाच जागा नव्हती, एका कागदापायी. सोळातले चौदा माझ्या शब्दावर थांबले होते. त्यांना काय सांगायचं होतं, की मुकादमाला लिहायची लाज वाटते? मला लिहायचं भ्यावही नव्हतं खरं तर. चौथीपर्यंत माझं अक्षर बरं होतं. भ्याव दुसरंच होतं. 'कोणी पाहिलं, काय म्हटलं' असा रकाना त्या कागदावर होता, आणि तो रकाना वाचताना मला एकच खड्डा आठवला.

स्टँडसमोरच्या दुकानात गेलो. म्हणालो, लांब वही द्या, दोनशे पानी. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "नातवाले पाहिजे का? दुरेघी देऊ?"

"मलेच पाहिजे. एकेरी द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनही काढून ठेवला. न मागता. मी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हणालो, डबा बांध. तिनं विचारलं, ओसरी का गच्ची? मी म्हणालो, दर्यापूर. पहिल्या बसनं गेलो. फाट्यावर उतरून शेतापर्यंत चालत गेलो. हरभरा निघाला होता, रान मोकळं होतं आणि जमीन फाटायला लागली होती. चाचा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून दात टोकरत होता.

"या मुकादम. पडला का काय टॉवर?"

"माझा पडत नसते. चाचा, एक सांगाले आलो. कंपनीच्या फाइलीत असं लिहिलं होतं का काम तुमी अडवलं."

"मीनं? मीनं तं पाणी देल्लं!"

"तेच सांगतलं मी मुंबईच्या बाईले. आता तसं नाई राह्यलं. पाया चुकला असं आलं कागदावर."

"अन् भेगा खाली हायेत म्हणून मीनं सांगतलं होतं, ते आलं का?"

"ते मी नाई सांगतलं."

"काहून?"

मी पेढे काढले, एक त्याला दिला. त्यानं अर्धा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, "गोड हाये. सांगून टाकाचं होतं, मी काय मॅडमपुढे नाचलो असतो का?"

मी टॉवरच्या चौथ्या पायाशी बसलो आणि वही मांडीवर घेतली. चाचा जवळ आला, गुडघे टेकून बसला आणि पायाशेजारच्या भेगेत हात घातला. "कोपरापरयंत. लिहा."

"आजचं नाई लिहत. त्या दिवसाचं लिहतो."

पहिल्या पानावर मी लिहिलं. खड्डा चौथा, नाल्याच्या बाजूचा. खोली नकाशाप्रमाणे. भेगा त्याच्या खाली चालू होत्या. शेतवाल्यानं सांगितलं. मुकादमानं ऐकलं नाही. एवढ्याला पाऊण तास गेला. खाली सही केली, तीच दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर. चाचाला वाचून दाखवलं. त्यानं पेन मागितला आणि माझ्या सहीच्या बाजूला उर्दूत आपली सही केली, उजवीकडून डावीकडे, माझ्याहून वेगानं.

डबा दोघांनी तिथंच खाल्ला. मग मी फाट्यावर येऊन अकोल्याची बस धरली आणि वही दादाच्या टेबलावर नेऊन ठेवली.